करडईचं केशर

करडईच्या पाकळ्या सकाळी लवकर तोडाव्या लागतात. दव असेपर्यंत काटे मऊ असतात. ऊन चढलं की तेच काटे हातमोज्यातून टोचतात. फूल पिवळं असताना त्याला हात लावायचा नाही. ते नारिंगी होतं, मग लाल पडून कोमेजायला लागतं, तेव्हा आत बी धरलेलं असतं. त्यानंतर वरच्या पाकळ्या काढून घेतल्या तरी बियांचं, म्हणजे तेलाचं, नुकसान होत नाही. एकाच पिकातून तेलही आणि औषधी पाकळीही, हा आमच्या प्रकल्पाचा विषय होता. चौसाळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याचं रान आम्ही कराराने घेतलं होतं. त्यात बारा वाफे होते, सहा काटेरी वाणांचे, सहा बिनकाटेरी. मी तिथली क्षेत्र सहायक. पेरणीपासून पाकळ्यांच्या वजनापर्यंत सगळ्या नोंदी माझ्याकडे होत्या.

तोडणीला पाच बायका यायच्या. आमच्या भागात दसरा झाला की हातपाय धड असलेली माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि गावात म्हातारे उरतात. माझ्या पाचांपैकी चौघी साठीच्या पुढच्या होत्या. कमरेला ओटी बांधायच्या, बोंडं चिमटीत धरून पाकळ्या उपटायच्या आणि तोंडाने माझी थट्टा करायच्या. मी प्रत्येकीच्या ओटीचं वजन वेगळं लिहायची, वेळ लिहायची, काटा किती वेळा टोचला तेही विचारून लिहायची, कारण बिनकाटेरी वाणाचा खरा फायदा तिथेच मोजायचा होता.

"मॅडम, मी दोनदा खोकले, ते बी लिवा," एक म्हातारी म्हणायची.

"आन् तिनं तीनदा तंबाखू खाल्ली, ते लिवा," दुसरी.

पाचवी बाई माझ्याच वयाची होती, पंचेचाळिशीची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मॅडम. ती दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जायची. त्या वर्षी नवरा भावाबरोबर तिकडेच राहिला आणि ती अर्ध्या हंगामातून परतली, कारण तिची लेक माहेरी आली होती.

लेक बावीस वर्षांची, दहावी झालेली, युसूफ वडगावच्या बाजूला दिलेली. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. दोन्ही वेळा ती उसाच्या फडात मोळ्या वाहत होती. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा मावशीने व्याह्यांशी भांडून तिला फडातून घरी आणलं. निघताना सासूने काय सांगितलं ते मावशीने मला तोडणीच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं, हात न थांबवता. "लेकरू घिऊन आली तर दार उघडं हाय. रिकामी आली तर तुमच्याच घरी ठिवा." तेव्हा लेकीला चौथा महिना लागला होता. "तिसरा सरला न्हवं का मॅडम," मावशी म्हणाली. "आता धरलंय म्हनायचं."

मी बरं म्हटलं आणि तिच्या ओटीचं वजन लिहिलं.

तोडणीच्या आधी, थंडीत, माझ्याकडे आणखी एक काम होतं. करडईचे जुने औषधी वापर गोळा करायचे होते. ग्रंथांतले वापर प्रकल्पाच्या प्रमुखांनी काढले होते. लोकांतले मी काढायचे. मी दहा ठिकाणांची यादी केली आणि एकेक उरकत गेले. शेवटचं ठिकाण बीडमधल्या एका अत्तारांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. आजोबांपासूनचं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर उर्दूत नाव. दुकानदार सत्तरीचे. मी गेल्या हंगामातल्या पाकळ्यांची पुडी पुढे ठेवली तशी त्यांनी एक पाकळी जिभेवर ठेवली.

"ये तो कुसुम है," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीवर आले. "आमी कुसुम म्हणतो. बाईची पाळी अटकली, तर जुने हकीम हेच द्यायचे. खून पातळ करतंय, चालू करतंय. सांधे दुखले, मार लागून रक्त साकळलं, त्याला बी चांगलं. लिहिलं?"

"लिहिलं, चाचा."

"आता हे पण लिहा. जिचे पाय भारी हायेत, पोटात लेकरू हाय, तिनं याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. वाचून दाखवा काय लिहिलं ते."

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुडी परत दिली. ग्रंथांतून काढलेल्या टिपणांतही तेच होतं: गर्भिणीने वर्ज्य करावे. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट आली म्हणून मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. माझ्या दृष्टीने ते काम तिथे पुरं झालं.

जानेवारीच्या शेवटी वाफ्यांवरच शेतकरी मेळावा झाला. शंभरेक माणसं, एक मांडव, एक ध्वनिक्षेपक. त्यासाठी तक्ता मी केला होता. कच्च्या तक्त्यावर सहा ओळी होत्या. हृदयास हितकारक. रक्ताभिसरण सुधारते. सांधेदुखीवर उपयुक्त. स्त्रियांच्या तक्रारींवर उपयुक्त. नैसर्गिक खाद्यरंग. सहावी ओळ गर्भिणीबद्दलची. कापड पाच ओळींना पुरत होतं, सहावीसाठी अक्षर बारीक करावं लागलं असतं आणि मागच्या रांगेला दिसलं नसतं. मीच प्रमुखांना म्हणाले, "पाचच ठेवू. सुटसुटीत दिसेल. मेळाव्याला गरोदर बायका कुठे येतात?" ते म्हणाले, "ठेवा." हे संभाषण एवढंच झालं. यात दुसऱ्या कोणाचा आग्रह नव्हता हे मी इथे स्पष्ट लिहिते.

प्रमुख बोलायला उभे राहिले. चांगले बोलतात. म्हणाले, "आजपासून याला पाकळी म्हणू नका. केशर म्हणा. करडईचं केशर! मालाला नाव असलं की गिऱ्हाईक आपणहून येतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवाच्या कडेला माझ्या पाच जणी बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "आमी दोन आठवडे केशर तोडतोय आन् आमालाच पत्ता न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून मी नमुन्यांच्या मलमलच्या पिशव्यांवर जाड काळ्या पेनाने "केशर" लिहायला लागले. त्याखाली वाफ्याचा क्रमांक. करडईच्या पाकळ्या हे लांब पडतं, केशर तीन अक्षरांत बसतं.

नमुन्यात सगळ्या पाकळ्या चालत नाहीत. तुटलेल्या, ओल्या, माती लागलेल्या बाजूला काढाव्या लागतात. त्यांचंही वजन व्हायचं, नोंदवहीत "नासधूस" या रकान्यात जायचं आणि मग तो चुरा बांधाला टाकला जायचा. एका सकाळी मावशीने विचारलं, "मॅडम, ह्या चुऱ्याचं काय करता?"

"टाकते."

"मी नेऊ?"

"न्या की."

कशाला, हे मी विचारलं नाही. पुढे रंगपंचमी होती. मला वाटलं नातेवाइकांच्या पोरांना रंग करायला नेत असेल. तिच्या पदरात तो चुरा सांडायला लागला म्हणून मी तिला नमुन्याची एक वापरून झालेली पिशवी दिली. मग ती रोज चुरा न्यायला लागली. माझा बांध स्वच्छ राहत होता आणि मला ती सोय वाटली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मावशी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. फोन लागला नाही. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि पुढच्या ओळीला लागायच्या. पाचव्या दिवशी वजनं उरकून मी तिच्या घरी गेले.

पत्र्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. मावशीने मला बसायला पोतं टाकलं.

"सोमवारी दुपारी कंबर दुखाय लागली," ती म्हणाली. "म्हनलं, बसून बसून दुखत असंल. मग अंगावरून जाय लागलं. रिक्षा येईपरत सगळं झालं व्हतं. दवाखान्यात नुसतं धुवायला नेल्यासारखं नेलं." मग म्हणाली, "पोरगी व्हती. हाताएवढी. बोटं मोजता येत व्हती."

मी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आधी दोनदा गेलेलं आहे, अंगात रक्त कमी आहे, कारण नेमकं सांगता येत नाही.

"मी काय कमी केलं न्हाई मॅडम," मावशी म्हणाली. "दूध लावलं. अंडं लावलं. तुमचं केशर सकाळ-संध्याकाळ दुधात दिलं. लोकं दुकानातनं चिमूटभर आणत्येत, आमच्याकडं पिशवीभर व्हतं. बायकांच्या पोटाला चांगलं, म्हनून तुमच्या सायबानं भोंग्यात सांगितलतं. हिनं त्या तक्त्याचा फोटू बी मोबाइलवर बघितला. मला वाचून दाखवलं."

ती मला दोष देत नव्हती. ती मला आपला हिशेब सांगत होती, की लेकीसाठी जे मिळालं ते सगळं तिने केलं. तिच्या मागे चुलीजवळच्या खिळ्याला माझी पिशवी टांगलेली होती. वर माझ्या अक्षरात केशर.

महिना मी मनात मोजला. पाचवा नुकताच लागला होता. चुरा न्यायला लागून अठरा दिवस झाले होते.

त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मावशी, तो चुरा आता कुणाला देऊ नका. त्यावर मावा किडीचं औषध फवारलेलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही." आणि उठून पिशवी काढून घेतली. मला वाटलं, पिशवी घरातून गेली पाहिजे, आणि तिने स्वतःच्या हाताने दिलं हे तिला कळू नये. दोन्ही कामं एका वाक्यात होत होती.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "फवारलं व्हतं? मग आमाला हातानं तोडायला कावून लावलं?"

मी म्हणाले, "चूक झाली."

भिंतीकडे तोंड केलेली लेक हलली नाही, पण ती जागी होती.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांवर कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रानमालकाने प्रमुखांना फोन केला, की तुमच्या बाईंनी विषारी रानात बायका घातल्या अशी गावात बोंब आहे. फुलं लाल होऊन काळी पडायला लागली होती. सात ते बारा या वाफ्यांची शेवटची तोडणी हातची गेली.

प्रमुख आले. बांधावर उभ्यानेच त्यांनी नोंदवही उघडली. फवारणीचा रकाना रिकामा होता, कारण औषधी पाकळीच्या वाफ्यांवर आम्ही काहीच फवारत नाही.

"मग हे आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चुरा, पिशवी, दूध, पाचवा महिना. त्यांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "बघा, आधीची दोन गेलेली आहेत. रक्त कमी. पाकळी किती गेली पोटात, माहीत नाही. एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

ते खरंच होतं. मी तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगितली असती. आजही मला माहीत नाही की ते मूल पाकळीने गेलं की अंगातल्या अशक्तपणाने, की जाणारच होतं. माहीत करून घ्यायचा मार्ग नाही. पण तक्त्यावरची सहावी ओळ मी का काढली, ते माहीत आहे.

"सर, अहवालात लिहायचं का?" मी विचारलं.

"इशारा लिहा. ठळक लिहा. घटना लिहू नका, ती आपल्याला सिद्ध करता येणार नाही. आणि त्या बाईला फवारणीचं काय सांगितलंत ते आधी निस्तरा."

त्याच दिवशी मी मावशीकडे गेले. लेक उठून बसली होती, तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा काहीतरी सोयीचं बोलले असते. फवारणी झालेलीच नव्हती. ते दुकानातलं केशर नव्हे, ती करडईची पाकळी. नाव आम्ही दिलं. ती पाकळी पोटुशी बाईला देऊ नये असं जुने जाणते सांगतात. मला हे तीन महिने आधीपासून ठाऊक होतं. तक्त्यावर लिहिलं नाही. तुम्हाला तोंडाने सांगितलं नाही. तुम्ही चुरा मागितला तेव्हा विचारलं नाही. यानेच झालं असं डॉक्टरही सांगू शकत नाहीत, पण यानेही झालं असेल.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मीच," ती म्हणाली.

"नाही मावशी, मी..."

"दूध कुनी दिलं? पेला कुनी धरला तोंडाला? ही नको म्हनत व्हती. कडू लागतंय म्हनत व्हती. मी म्हनलं, पी, अवदसे, इतकं महाग कुनाला मिळतंय."

लेक पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मॅडम, किती पेल्यात तसं व्हतं?"

"ते माहीत नाही."

"तुमी तर समदं मोजता ना."

तिने सूप उचललं आणि आत गेली.

मार्चमध्ये कारखाना बंद झाला, सासरची माणसं तोडीवरून परतली आणि त्यांचा निरोप आला. फोनवर, जावयाच्या थोरल्या भावाकडून. पोरीला तिकडंच ठेवा, आम्ही दुसरीकडे बघतो. दुसऱ्या दिवशी मावशी वाफ्यांवर आली. करडई वाळली होती, आम्ही कापणीच्या तयारीत होतो. ती थेट माझ्यापाशी आली.

"मॅडम, उद्या माझ्याबरोबर यायचं. युसूफ वडगावला."

"मी?"

"ते म्हनत्येत, हिचं पोटच धरत न्हाई. तुमी सांगा की पोटाची चूक न्हाई. मी पाजलं म्हनून सांगा. तुमी शिकलेल्या हायत, तुमचं ऐकतील. माझ्यावर येऊ द्या, माझं काय व्हायचंय आता? तिचं घर जातंय."

मी अत्तारांचं टिपण आणि ग्रंथातला उतारा यांच्या प्रती घेतल्या, तक्त्याचा कच्चा खर्डा घेतला, ज्यावर सहावी ओळ खोडलेली दिसत होती. मी जाताना कागद नेतेच. मावशीचा नवरा अजून तोडीवरच होता; तिघीच निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलली, केजला पुन्हा बदलली. लेक खिडकीशी बसली होती, पायांजवळ कपड्यांची पिशवी. परत ठेवून घेतलं तर लागेल म्हणून आईने ती आधीच भरून आणली होती. केजला मी तिघींसाठी वडापाव घेतले. मावशीने आपला कागदात गुंडाळून ठेवला.

सासरचं घर गावाच्या टोकाला होतं. तोडीवरून आणलेलं सामान अजून ओसरीवर तसंच पडलं होतं. चुलीचा पत्रा, पाण्याचा ड्रम, दोरखंडाने बांधलेले कोयते. सासू पन्नाशीची, उन्हाने काळी पडलेली, हातावर कापल्याचे व्रण. सासरा खाटेवर. नवरा, पंचविशीचा पोरगा, दाराला टेकून उभा राहिला आणि बायकोकडे बघून खाली बघायला लागला.

"या विहीणबाई," सासू म्हणाली. "हे कोन आनलंय संगं? वकील?"

"शेताच्या मॅडम हायत," मावशी म्हणाली.

मी सांगितलं. घरी सांगितलं होतं त्याच क्रमाने, आणि या वेळी एक वाक्य जास्त: यात मुलीची चूक नाही, तिच्या आईचीही नाही, चूक माझी आहे. कागद पुढे केले. ते कोणी घेतले नाहीत. मावशी मध्येच म्हणाली, "मॅडम उगं आपल्यावर घेत्यात. मी पाजलं. सकाळ-संध्याकाळ मी पाजलं."

सासूने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "हे तिसरं तुमच्या केशरानं गेलं. आधीची दोन कुनाच्या केशरानं गेली?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आधीची दोन मोळ्या वाहताना गेली होती, आणि मोळ्या वाहायला तिला याच घराने नेलं होतं. मी ते म्हणू शकले असते. म्हटलं असतं तर मुलीचं दार बंद झालं असतं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवले.

नवरा हळूच म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे तिला."

"तू गप बस रे," सासरा खाटेवरून म्हणाला. मग सासूकडे वळला. "दुसरी बघायची म्हंजे दिवाळीपरत व्हायचं न्हाई. दसऱ्याला तोडीला न्यायला मुकादम दारात येतोय. ह्यानं येकट्यानं काय करायचं? कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागती."

सासूने दोरखंडाने बांधलेल्या कोयत्यांकडे पाहिलं. "तेबी खरं हाय," ती म्हणाली. आणि सुनेला, पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून, "ठिव पिशवी आत. पानी भरलेलं न्हाई सकाळपासून."

मुलीने पिशवी उचलली. उंबऱ्याशी ती थांबली असं मला वाटलं, पण ती चप्पल काढत होती. आत गेली, आणि लगेच घागर घेऊन मागच्या दाराने बाहेर पडल्याचा आवाज आला. तिच्या अंगावरून पुरतं थांबलंय का, हे विचारायचं माझ्या मनात होतं. ओसरीवर पुरुष होते. विचारलं नाही.

चहा झाला. आम्ही दोघी उठलो. सासूने दारापर्यंत येऊन मावशीला कुंकू लावलं, रीतीप्रमाणे.

रस्त्यावर गाडीची वाट बघत आम्ही एका किराणा दुकानाच्या सावलीत उभ्या राहिलो. मी मावशीला म्हणाले की दसऱ्याच्या आधी मी येईन, मुलीला पुन्हा दिवस राहिले तर तोडीला पाठवू नका म्हणून सांगेन, दवाखान्यात नाव घालू, रक्त तपासू. मी बोटांवर मोजत होते. चौथ्या बोटाला तिने माझा हात धरून खाली केला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी आलात, बोललात, माझ्या लेकीचं घर ऱ्हायलं. त्याचं मी नाव काढीन. पर आता माझ्या दारात येऊ नका. तुमी दिसलात की मला पेला दिसतोय."

गाडी आली. ती पुढच्या दाराने चढून बायकांच्या बाकावर, दोघींच्या मध्ये, जागा करून बसली. मला मागे जागा मिळाली. केजला तिने गाडी बदलली तेव्हा मी मुद्दाम पुढच्या गाडीसाठी थांबले.